जीआय लाईनमध्ये टी टाकली आणि जोड परत परत गळतोय

वॉशिंग मशीन आलं, पाण्याचा फिल्टर बसवायचा ठरला किंवा गॅलरीतल्या कुंड्यांसाठी नळ हवा झाला, की जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पायपात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकली जाते. दोन दिवस सगळं कोरडं असतं. तिसऱ्या दिवशी जोडाखाली थेंब लोंबतो. मग जोड उघडून टेप वाढवायची, पाना आणखी जोरात आवळायचा, आणि आठवड्याभरात तोच थेंब परत, नाहीतर फूटभर पुढच्या एल्बोला (काटकोनी जोडाला) नवा थेंब. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिची कारणं मोजून सांगता येतात. टेप कमी पडणं हे त्यातलं सर्वांत दुर्मीळ कारण आहे.

पाना हातात घेण्याआधी पाणी नेमकं कुठून येतंय ते ठरवा. आडव्या पायपावर पाणी पोटाखालून सरकत जातं आणि गळती असते तिथून वीतभर लांब ठिबकतं. सगळे जोड फडक्याने कोरडे करा, प्रत्येक जोडाच्या दोन्ही कडांवर साधा पांढरा खडू घासा आणि अर्धा तास थांबा. जिथून झिरपतंय तिथे पांढऱ्यावर करडी रेघ उमटते. तपासणी दाब असताना करा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी असेल तर दर 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो दाब मिळतो, म्हणून तळमजल्यावरचा जोड वरच्या मजल्यावरच्यापेक्षा आधी बोलतो. नगरपालिकेची थेट लाईन असेल तर पाणी यायच्या वेळेतच बघा, एरवी ती लाईन रिकामी असते आणि गळका जोडही कोरडाच दिसतो.

रेघ कुठे उमटली त्यावर पुढचं सगळं ठरतं.

टीपासून लांब, भिंतीजवळ किंवा भिंतीत ओल आली असेल तर

हे सर्वांत महागात पडणारं दुखणं, म्हणून आधी हेच. जीआय पायपाच्या दोन्ही टोकांचे आटे उजव्या हाताचे असतात. पायपाच्या मधोमध उभे राहून तो फिरवला तर एका टोकाला तो घट्ट होतो आणि दुसऱ्या टोकाला त्याच वेळी सुटतो. टी आवळताना पाईप दुसऱ्या पान्याने धरला नसेल, तर तुमचा सगळा जोर पायपातून थेट भिंतीतल्या एल्बोपर्यंत जातो. वीस-तीस वर्षं गंजाने आणि क्षाराने बंद झालेला तो जोड अर्धा सूत जरी फिरला, तरी आतलं जुनं सील मोडतं. टी कोरडी राहते आणि ओल खालच्या घराच्या छताला येते.

यावर वरून काहीही चोपडून उपयोग नाही. भिंत फोडून तो जोड उघडावा लागतो. पुन्हा असं होऊ नये म्हणून एकच नियम, आणि तो कधीच मोडायचा नाही: दोन पाने. एक फिटिंगवर, दुसरा पायपावर, तोंडं एकमेकांच्या उलट, आणि दोन्ही दांडे एकमेकांकडे ओढायचे. जोर दोन पान्यांमध्येच संपला पाहिजे, भिंतीपर्यंत पोचता कामा नये. अर्धा इंचीला 12 इंची पाने पुरतात, एक इंचीला 14 किंवा 18 इंची घ्या.

दोन्ही टोकांचे आटे एकाच दिशेचे असल्याचा दुसरा अर्थ असा, की मधे कापलेली लाईन नुसती टी लावून बंदच होत नाही. एका बाजूला टी चढवली, तरी दुसरी बाजू चढवायला अख्खी लाईन फिरवावी लागेल. तरीही असे जोड केलेले सापडतात: दुसरं टोक जेमतेम दोन आटे धरून असतं आणि बाकी भिस्त टेपच्या गोळ्यावर. तो जोड कितीही वेळा उघडून बांधला तरी गळणारच, कारण त्यात पकडच नाही. तिथे युनियन (पाईप न फिरवता नटाने जुळवायचा आणि उघडायचा जोड) लागते किंवा लाँग स्क्रू (लांब आट्यांचा तुकडा) लागतो. युनियन नसलेली, मधे टाकलेली टी दिसली की पुढे काही शोधत बसू नका, कारण सापडलं.

टीची जागा बदलता येते का ते बघा

गळती थांबवायला तीच टी परत बांधण्यापेक्षा तिची जागा बदलणं पुष्कळदा सोपं पडतं. साधं मोजमाप आहे, पण अनेक जणांच्या ते लक्षात येत नाही. मॅलिएबलच्या (ओतीव लोखंडाच्या) अर्धा इंची एल्बोत मध्यापासून तोंडापर्यंत 28 मिलिमीटर असतात, आणि त्याच मापाच्या टीतही 28 मिलिमीटरच. म्हणजे एल्बो काढून त्या जागी टी बसवली तर दोन्ही पाईप आहेत तिथेच राहतात. एकही काप नाही, नवीन आटे नाहीत. टीचं तिसरं तोंड आधीच्या दोन पायपांपैकी एकाच्या सरळ रेषेत पुढे निघतं, आणि तिथून फाटा नेता येतो. जवळपास युनियन असेल तर तिथून लाईन उघडून एल्बोपर्यंत या. टाकीच्या व्हॉल्वजवळ, गीझरजवळ किंवा मीटरनंतर बहुतेक घरांत एखादी युनियन असतेच.

सॉकेटच्या (दोन पाईप सरळ जोडणाऱ्या फिटिंगच्या) जागी टी मात्र इतकी सहज बसत नाही. अर्धा इंची सॉकेट साधारण 36 मिलिमीटर लांब, टी 56. लाईन 20 मिलिमीटर वाढते, तेवढा एक पाईप कापून परत आटे पाडावे लागतात. हे 20 मिलिमीटर लाईन वाकवून सामावून घेतले, की पाईप धनुष्यासारखा ताणलेला राहतो आणि गळती दोन महिन्यांनी हमखास येते.

वॉशिंग मशीन किंवा फिल्टरसाठी पाणी हवं असेल तर लाईन कापायचा विचारच शक्यतो करू नका. जवळचा नळ काढा, त्या जागी निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाईप), निपलवर टी, टीच्या सरळ तोंडाला नळ आणि बाजूच्या तोंडाला अँगल कॉक. नळ भिंतीपासून अडीच-तीन इंच पुढे येतो, एवढीच अडचण. नळ काढतानाही वरचा दोन पान्यांचा नियम लागू आहे. भिंतीतलं सॉकेट पान्यात येत नसेल तर त्याच्याभोवतीचं प्लास्टर इंचभर खरवडून ते उघडं करा.

मधेच कापावं लागणार असेल तर किती कापायचं

इथे अंदाज चालत नाही. अर्धा इंची लाईन, एक टी, 3 इंची निपल आणि एक युनियन असं धरू. टीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत 56 मिलिमीटर. दोन्हीकडून पाईप 13-13 आत जातो, मधे 30 उरतात. जुळवलेली युनियन साधारण 48, तिच्यातूनही 26 वजा, राहिले 22. मधलं निपल 75. बेरीज 127 मिलिमीटर, म्हणजे बरोबर 5 इंच. कापलेल्या दोन पायपांच्या टोकांमध्ये एवढी फट हवी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फिटिंगमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे दुकानातून आणलेला संच आधी जमिनीवर पान्याने पूर्ण घट्ट जुळवून बघा, मोजा, मग करवत लावा. हाताने नुसता फिरवून मोजलात तर प्रत्येक जोडाला चार-पाच मिलिमीटर जास्त धरले जातात आणि फट मोठी होते. फट मोठी झाली की युनियनचा नट ओढून-ओढून ती मिटवली जाते, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दोन्ही टोकांना जागेवर आटे पाडण्यापेक्षा टी एखाद्या एल्बोच्या किंवा सॉकेटच्या शेजारी घ्या. कापल्यावर त्या बाजूचा छोटा तुकडा फिटिंगमधून सरळ काढून टाकायचा आणि त्या जागी दुकानातलं तयार आट्यांचं निपल घालायचं. जागेवर एकाच टोकाला आटे पाडावे लागतात, तेही जमत नसेल तर तो पाईपही काढून दुकानात मशीनवर आटे पाडून आणायचा. मशीनचे आटे आणि भिंतीला खेटलेल्या पायपावर वाकडी डाय (आटे पाडायचं हत्यार) धरून पाडलेले आटे यांत फार फरक असतो. रॅचेट डायला पायपाभोवती जागा लागते. क्लॅम्प सोडून पाईप भिंतीपासून दोन-अडीच इंच पुढे घेता येत नसेल तर तिथे डाय मारूच नका.

थेंब टीच्या आट्यांतूनच येत असेल तर

टेप काढा, तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करा आणि टी नुसती हाताने चढवून बघा. हे आटे निमुळते असतात, 16 ला 1 या उताराने. अर्धा आणि पाऊण इंचीला इंचात 14 आटे, एक इंचीला 11. चांगल्या आट्यांवर टी हाताने साधारण चार वेढे जाते आणि मग अडते. पुढचे दोन-तीन वेढे पान्याने. शेवटी बाहेर एक-दोन आटे दिसत राहिले पाहिजेत.

हाताने दोनच वेढ्यांत अडली तर आटे उथळ आहेत किंवा अजून मळ आहे. डाय परत फिरवा. हाताने सहा-सात वेढे सैल जात राहिली तर डाय गरजेपेक्षा जास्त पुढे गेली आहे, निमुळतेपणा संपून सरळ आटे झाले आहेत. असा जोड टेपने भरून निघत नाही. तेवढं टोक कापून नवे आटे पाडणं हाच उपाय, आणि मग निपल तेवढं लांब घ्यायचं. अर्धा इंचीला आट्यांची लांबी 13 ते 15 मिलिमीटर पुरे.

आटे तुटक असतील, कडेला खरडल्यासारखे दिसत असतील, तर डाय बोथट होती किंवा तेल न घालता फिरवली होती. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, आणि दर वेढ्याला तेलाचे थेंब. मागे घेताना कीस तुटतो, नाहीतर तोच कीस आट्यांना ओरबाडतो. नंतर तेल पुसून काढा आणि कापलेल्या टोकाच्या आतली धार गोल कानशीने घासून टाका. ती धार तशीच राहिली तर अर्धा इंची पायपाचं तोंड आतून बरंच आवळतं आणि तिथेच क्षार साचायला लागतो.

टेप गुंडाळताना पायपाचं टोक आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलट गुंडाळलेली टेप टी चढवताना सुटून गोळा होते. बाजारातली पातळ पांढरी टेप असेल तर 8 ते 10 वेढे, ताणून, आट्यांच्या खाचांत बसेल अशी. पहिला आटा मोकळा सोडा. तिथली टेप फाटून पाण्याबरोबर पुढे जाते आणि मशीनच्या जाळीत अडकते, मग मशीनला पाणी कमी येतं म्हणून वेगळाच शोध सुरू होतो. जुन्या, थोड्या खड्डे पडलेल्या आट्यांवर टेपपेक्षा तागाचा धागा आणि पेस्ट चांगली धरते. हॅक्सॉच्या पात्याने आटे आडवे थोडे खरवडून घ्या, म्हणजे धागा सरकत नाही. पारंपरिक सफेद्यात शिसं असतं, पिण्याच्या पाण्याच्या लाईनला तो वापरू नका. पिण्याच्या पाण्यासाठी चालणारी पेस्ट मागून घ्या.

आणखी एक चूक फार होते. टी घट्ट झाली, पण फाट्याचं तोंड हवं तिथे न येता थोडं पुढे गेलं, म्हणून पाव वेढा मागे घेतला. निमुळता जोड एकदा आवळल्यावर मागे घ्यायचा नाही. दाबली गेलेली टेप परत फुगत नाही, मागे घेतल्याबरोबर वाट मोकळी होते. तोंड पुढे गेलं तर आणखी एक वेढा पुढे न्या, आटे शिल्लक असतील तर तेवढ्याने फक्त 1.8 मिलिमीटरचा फरक पडतो. नाहीतर पूर्ण उघडा, साफ करा, नव्याने टेप लावा.

युनियनच्या नटाखालून येत असेल तर

नटाच्या आट्यांवर टेप गुंडाळलेली दिसली तर ती काढून फेका. युनियनचा नट पाणी अडवत नाही. तो फक्त दोन तोंडं एकमेकांवर दाबून धरतो, पाणी त्या तोंडांवर अडतं. तोंडावर रंगाचा पापुद्रा, टेपचा तुकडा, वाळूचा कण असेल तर नट कितीही आवळा, झिरपत राहील. सपाट तोंडाची युनियन असेल तर आतला वायसर बदला, एकदा दाबलेला जुना परत घालू नका. निमुळत्या तोंडाची असेल तर बोट फिरवून बघा, नखाला चर लागला तर युनियन बदला.

तोंडं स्वच्छ असूनही गळत असेल तर नट पूर्ण सोडा आणि दोन्ही तोंडं हात न लावता कशी उभी राहतात ते बघा. एक वर एक खाली, किंवा मधे पाचरीसारखी फट दिसली, तर दोष युनियनचा नाही, लाईनचा आहे. दोन्हीकडचे क्लॅम्प सैल करा, तोंडं आपोआप समोरासमोर येतील असा पाईप बसवा, नट हाताने चढवा, आणि मगच क्लॅम्प व नट आवळा. क्लॅम्प आधी आवळायचे नाहीत.

निमुळत्या तोंडाची युनियन जुळवताना लाईन दोन-तीन मिलिमीटर फाकवावी लागते. सपाट तोंडाची मात्र बाजूने सरकवून बसते. भिंतीत दोन्हीकडून जखडलेल्या लाईनला म्हणून सपाटच घ्या. आणि नट आधी पायपात ओवायला विसरू नका, नाहीतर घट्ट बसवलेला अर्धा भाग परत काढावा लागतो, म्हणजे तोही जोड बिघडला.

लाँग स्क्रू वापरला असेल तर त्याचे लांब आटे सरळ असतात, निमुळते नाहीत, त्यामुळे ते स्वतःहून पाणी धरत नाहीत. सॉकेट आणि चेक नट यांच्यामध्ये तागाच्या धाग्याचं पेस्ट लावलेलं कडं बसवून नट दाबावा लागतो. ते कडं नसेल तर गळणारच.

पायपाच्या अंगातून, आट्यांच्या मुळाशी पाणी येत असेल तर

इथे टी हा विषयच राहत नाही, पाईप संपला आहे. अर्धा इंची आट्यांची खोली 1.16 मिलिमीटर असते. ए क्लास, म्हणजे पिवळ्या पट्ट्याचा पाईप 2 मिलिमीटर जाडीचा, त्यात आट्यांच्या मुळाशी उरतात जेमतेम 0.8. बी क्लास, निळा पट्टा, 2.6 मिलिमीटर, उरतात 1.4. सी क्लास, लाल पट्टा, 3.2 मिलिमीटर, उरतात 2. शिवाय आटे पाडताना तिथला जस्ताचा थर निघून जातो, म्हणून गंज नेमका तिथेच सुरू होतो. जुन्या पायपावर पट्टा दिसत नाही आणि तिन्हींचा बाहेरचा व्यास सारखाच असतो, म्हणून कापलेल्या टोकाची जाडी मोजा. कडी एकसारखी करडी, चकचकीत दिसली तर ठीक. एका बाजूला पातळ, आत तपकिरी पापुद्रे, भोक पेन्सिल जाईल एवढंच उरलेलं, असं दिसलं तर त्यावर डाय मारू नका. आटे केसासारखे उपटून येतात किंवा पान्याखाली पाईप चिरतो. जवळच्या दोन फिटिंगमधला पूर्ण तुकडा बदला, आणि नव्या जोडाचे बाहेर दिसणारे आटे जस्ताच्या किंवा रेड ऑक्साइड रंगाने झाका.

फाटा पुढे सीपीव्हीसीत (प्लास्टिकच्या पायपात) न्यायचा असेल तर जीआयच्या बाहेरच्या आट्यांवर पूर्ण प्लास्टिकची, आतल्या आट्यांची फिटिंग चढवू नका. निमुळता लोखंडी पाईप पाचरीसारखा आत शिरून प्लास्टिकला तडा देतो, तोही लगेच नाही, काही आठवड्यांनी. पितळी आट्यांची एमटीए (बाहेरच्या आट्यांचा अडॅप्टर) किंवा एफटीए (आतल्या आट्यांचा) घ्या. टीच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरात क्लॅम्प मारा आणि फाट्याला स्वतंत्र क्लॅम्प द्या. मशीनच्या व्हॉल्वचा प्रत्येक बंद होण्याचा धक्का आणि नळ फिरवणाऱ्या हाताचा जोर नाहीतर टीच्या आट्यांवरच येतो.

कापण्याआधी टेस्टर पायपाला लावून बघा आणि घराचा मेन स्विच बंद करा. जुन्या चाळींत आणि वाड्यांत अर्थिंगची तार पाण्याच्या पायपाला बांधलेली सापडते. अशी लाईन कापताना दोन्ही तुटलेली टोकं एकाच वेळी हातात धरली तर शॉक बसू शकतो. तार दिसली तर आधी इलेक्ट्रिशियनकडून वेगळं अर्थिंग करून घ्या. स्वयंपाकघरातल्या पाईप गॅसची लाईनही पुष्कळदा जीआयचीच असते. तिला यातलं काहीही करायचं नाही, गॅस कंपनीलाच बोलवायचं.

पाणी सुरू करताना व्हॉल्व एकदम उघडू नका. फाट्याचा नळ उघडा ठेवून व्हॉल्व पाव उघडा, हवा आणि कीस बाहेर पडू द्या, मग नळ बंद करून दाब चढू द्या. परत खडू घासा, या वेळी जुन्या एल्बोंवर आणि भिंतीत शिरणाऱ्या तोंडांवरही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरलेली असताना एकदा बघा. नव्या जोडाला पहिल्या दिवशी नुसता दमटपणा आला आणि दुसऱ्या दिवशी खडू कोरडा राहिला, तर गंजाने आणि क्षाराने ती वाट बुजली असं होऊ शकतं, पण तागाचा जोड असेल तरच त्यावर थोडा विश्वास ठेवा. टेपच्या जोडाला थेंब धरला तर तो उघडूनच बांधा.